सातवा लागला की...

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची निघाली, बाळाचं वरचं खाणं. म्हणून हे सदर या वेळी त्यालाच देऊन टाकते. केसगळतीवाल्यांनी आणि शाळेच्या डब्यावाल्यांनी रागावू नये, तुमची पत्रं जपून ठेवली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. वजन ६ किलो ४०० ग्रॅम. पंधरा दिवसांपासून आम्ही जेवायला बसलो की ताटाकडे टक लावून बघते, तोंड हलवते, मुठी चोखते. रात्री दोनदा उठायची, आता चार-चारदा उठते. सासूबाई म्हणतात, दूध पुरत नाहीये, मुलीचं उष्टावण पाचव्यात करतात, करून टाकू. नणंदेच्या दोन्ही मुलांना चौथ्यापासून पेज दिली होती आणि दोघंही ठणठणीत आहेत. मला घरात वाद नको आहे, पण ही घाई होतेय का?
— एक आई, तासगाव

उत्तर : हो, घाई होतेय. पण सासूबाईंना मी चूक म्हणणार नाही, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

माझी थोरली १९९८ सालची. ती साडेचार महिन्यांची असताना मी तिला तांदळाची पेज सुरू केली. तेव्हा मी बालरोगतज्ज्ञ म्हणून कराडला दवाखाना थाटून बसले होते, म्हणजे अडाणीपणाची सबब नाही. पण आमच्या पुस्तकात 'चार ते सहा महिने' असंच छापलेलं होतं, आणि मी साडेचार धरले. पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केली. तुमच्या सासूबाईंची बाळं लहान असताना त्यांनी डॉक्टरला विचारलं असतं, तरी बहुधा चौथा-पाचवाच ऐकायला मिळाला असता. त्यामुळे घरात बोलताना 'तुम्हाला माहीत नाही' असं म्हणू नका, 'आता सल्ला बदललाय, त्या डॉक्टरीणबाईंनीही आधी चूक केली होती' म्हणा. माझं नाव बिनधास्त पुढे करा.

सल्ला का बदलला? कारण आधी सुरू करून बाळाच्या वाढीत काही भर पडत नाही. पोट एवढंसं. त्यात पेजेचे चार चमचे गेले की तेवढं दूध कमी जातं, म्हणजे चांगलं काढून पातळ भरल्यासारखं होतं. शिवाय पाणी, वाटी, चमचा, हात यांतून जुलाबाचे जंतू जायची वाट मोकळी होते.

आता तुमच्या मुलीबद्दल. ६ किलो ४०० हे साडेचार महिन्यांच्या मुलीचं छान वजन आहे. दिवसाला सहा-सात लंगोट चांगले ओले होताहेत आणि वजनाची रेघ वर चालली आहे, तर दूध पुरतंय. मुठी चोखणं हे या वयात सगळीच बाळं करतात. ताटाकडे बघणंही तसंच, ती पंख्याकडे आणि मांजराकडेही तेवढ्याच भक्तिभावाने बघत असेल, नीट पाहा. चौथ्या-पाचव्या महिन्यात झोपेची घडी बदलते, म्हणून रात्रीचं उठणं वाढतं. पेज दिली म्हणून बाळ रात्रभर झोपत नाही. माझी थोरली झोपली नव्हती.

बाळ तयार झालंय हे तीन गोष्टींवरून ओळखा, आणि त्या तिन्ही एकत्र दिसायला हव्यात. मान पक्की धरते. थोड्या आधाराने बसते. आणि चमचा ओठाला लावला की जिभेने बाहेर ढकलत नाही. ही तिसरी खूण महत्त्वाची. लहान बाळाची जीभ तोंडात आलेलं काहीही पुढे ढकलते, ती त्याची राखण असते. ती सवय साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास सुटते. बाळ सगळं बाहेर काढतंय म्हणजे त्याला चव आवडली नाही असं घरच्यांना वाटतं. चव नाही, जीभ अजून तयार नाही. (बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर हा हिशेब तुमच्या डॉक्टरांकडून करून घ्या, जन्मतारखेवरून करू नका.)

राहिलं उष्टावण. इथे परंपरा तुमच्याच बाजूला आहे. मुलीचं विषम महिन्यात म्हणजे पाचव्यात किंवा सातव्यात करतात. मग सातव्यात करा की! आणि सातवा महिना लागतो कधी? सहा पूर्ण झाले त्याच दिवशी. आजीचं 'सातवा लागला' आणि आमचं 'सहा महिने पूर्ण' हे एकाच दिवसाचं नाव आहे. मामाला निरोप धाडा, चांदीची वाटी घासून ठेवा.

मुलगा असलेल्यांसाठीही लिहून ठेवते. मुलाचं सम महिन्यात, सहाव्यात किंवा आठव्यात करतात. सहावा लागतो तेव्हा पाचच पूर्ण झालेले असतात. तेव्हा मामाने खिरीचं बोट चाटवलं तर आभाळ कोसळत नाही, विधी होऊ द्या, रोजचं खाणं महिनाभराने सुरू करा. पण मुहूर्तासाठी आठव्यापर्यंत थांबू नका. उशीरही तेवढाच वाईट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना दुधासोबत घट्ट किंवा मऊ अन्न मिळत होतं. आपण घाईवर भांडतो आणि उशिराकडे कुणी बघतच नाही.

प्रश्न : मी ६३ वर्षांची आजी. सून कामावर जाते, नातू माझ्याकडे असतो. सात महिने पूर्ण झाले. सकाळी वरणाचं पाणी, दुपारी भाताची पेज, संध्याकाळी मुगाचं कढण, असं वाटी-वाटी देते. आवडीने पितो, कधी थुंकत नाही. तरी गेल्या दीड महिन्यात वजन फक्त शंभर ग्रॅम वाढलं. शेजारीण म्हणते डब्यातली पावडर सुरू करा. मला ते पटत नाही. मी तीन मुलं वाढवली आहेत. माझं काय चुकतंय?
— एक आजी, कोरेगाव

उत्तर : काकू, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्ही 'पितो' लिहिलंय, 'खातो' नाही.

मागे माझ्याकडे अशाच एक आजी आल्या होत्या, नातवाचा स्टीलचा डबा सोबत घेऊन. मी म्हटलं, भरवून दाखवा. त्यांनी डबा उघडला, वरून चमचा भरला, आणि बाळाच्या तोंडापर्यंत नेईपर्यंत निम्मं त्यांच्या पदरावर सांडलं. मग मी चमचा तळाशी घालून ढवळला. खाली काही नव्हतंच. "डाळ कुठे गेली?" "डाळीची आमटी केली ना, घरच्यांना." म्हणजे सगळ्यांना डाळ आणि ज्याचं वजन वाढायला हवं त्याला तेवढं पाणी! त्यांना हसू आलं, मलाही आलं, पण आपल्या घराघरांत रोज हेच चाललेलं असतं. 'वरणाचं पाणी' या शब्दातच वरण नाही.

थोडा हिशेब सांगते. आईच्या शंभर मिलीलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणाचं पाणी, पेज, कढण यांत त्याहून कितीतरी कमी. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किलोमागे साधारण ३० मिलीलिटर. सात किलोचं बाळ धरा, म्हणजे जास्तीत जास्त २१० मिलीलिटर, आपली दीड वाटी. त्यात आईच्या दुधाहून पातळ पदार्थ भरला तर वरचं खाणं दिल्याने बाळाला कमीच मिळालं. पोट टम्म, बाळ खूश, आणि वजनकाटा जागचा हलत नाही. नातू थुंकत नाही यात नवल नाही, पाणी कोण थुंकेल?

कसोटी सोपी आहे, काटा नको नि पुस्तक नको. चमचा भरा आणि आडवा करा. अन्न चमच्याला धरून राहिलं, हळूहळू घसरलं, तर बरोबर. धार लागली तर परत पातेल्यात.

आता खिमट करा. दोन मुठी तांदूळ, एक मूठ मुगाची डाळ, लाल भोपळ्याची किंवा गाजराची एक फोड, किंचित हळद, कुकरला चार-पाच शिट्ट्या. मग पळीने नाहीतर रवीने घोटा. मिक्सरमध्ये फिरवू नका, मिक्सरचं पीठ खाऊन बाळं चावायला शिकत नाहीत, आणि नऊ-दहा महिन्यांपर्यंत थोडं गुठळीचं खाणं तोंडात गेलं नाही तर पुढे साधी पोळीही त्यांना टोचते. वाटीत काढल्यावर एक चहाचा चमचा तूप घाला. त्या पाच ग्रॅम तुपात ४५ कॅलरी आहेत, तेवढ्या मिळवायला पेजेचं केवढं भांडं लागेल! वर लिंबाचे चार थेंब. ते चवीसाठी नाहीत, डाळीतलं लोह अंगी लागावं म्हणून.

लोहाचं जरा समजून घ्या, कारण सहा महिन्यांची ही मर्यादा बरीचशी त्यावरच उभी आहे. बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह फार थोडं. म्हणजे शिदोरी संपते तेव्हाच ताटात लोह यायला हवं, आणि नेमकं तेव्हा आपण पांढरी पेज देतो. मघाच्याच पाहणीत पाच वर्षांखालची देशातली ६७ टक्के मुलं रक्ताने कमी निघाली. म्हणून डाळ, घोटलेली पालेभाजी, शिजवलेलं अंडं (पिवळं आणि पांढरं दोन्ही, सहा महिन्यांनंतर चालतं), खाणारे असाल तर कोंबडीचं काळीज किंवा मटण शिजवून अगदी बारीक करून, यांतलं काहीतरी रोज जाऊ द्या. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक-एक मिलीलिटर. ते मागून घ्या. शी काळसर होईल, घाबरू नका.

नाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या एका पत्रात आहे म्हणून इथेच सांगते. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवायची. पांढरे बारीक मोड दिसले की सावलीत वाळवून, हाताने चोळून मोडांची कुसं पाखडायची, मंद भाजून दळायची आणि बारीक चाळायची. मोड आलेल्या पिठाची गंमत अशी की ते शिजताना घट्ट होत नाही. साध्या पिठाची दोन चमच्यांत लापशी होते तिथे मोडाच्या पिठाचे तीन-चार चमचे घालता येतात, तरी ती बाळाला गिळता येण्याइतकी मऊ राहते. तेवढ्याच वाटीत जास्त अन्न. फार खरपूस भाजलंत तर हा गुण जातो. आणि वाटून, गाळून, निवळून करतात ते सत्त्व मला फारसं पटत नाही. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं, ते चोथ्याबरोबर गाईला जातं. गाय धष्टपुष्ट होते.

किती द्यायचं? सुरुवातीला दोन-तीन चमचे. आठवड्या-दोन आठवड्यांत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा. अंगावरचं दूध चालूच, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही.

डब्यातली पावडर विष नाही, पण तुमच्या खिमटाहून सरसही नाही, आणि महाग आहे. दोन वर्षांखालच्या बाळाच्या डब्यातल्या खाण्याची जाहिरात करायलाच आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. एखाद्या गोष्टीची जाहिरात करू नका म्हणून सरकारला कायदा करावा लागतो, तेव्हा काय ते समजा.

एक मात्र खरं, दीड महिन्यात शंभर ग्रॅम हे फार कमी आहे. खिमट आजच सुरू करा, पण त्याच आठवड्यात बाळाला डॉक्टरांना दाखवा. कधी लघवीचा जंतुसंसर्ग असतो, कधी रक्त फारच कमी असतं. ते खिमटाने बरं होत नाही.

प्रश्न : मीठ, साखर, मध यांतलं काय चालतं? आणि बाळगुटी?
— तिघींनी विचारलंय

उत्तर : एक वर्षापर्यंत वरून मीठ नको. बाळाला लागणारं मीठ दुधात आणि अन्नात असतंच. अळणी कसं खाईल, ही काळजी आपल्या जिभेची आहे, त्याने अजून खारट चाखलेलंच नाही. साखर आणि गूळ दोन वर्षांपर्यंत टाळा. केळं, चिकू, रताळं हे त्याचं गोड. फळांचा रस नको, फळ कुस्करून द्या.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटण म्हणूनही नाही, गुटीतूनही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. क्वचित घडतं, पण घडलं की अतिदक्षता विभागच.

गुटीबद्दल माझं मत अनेक आज्यांना आवडणार नाही. सहाणेवर हिरडा-बेहडा उगाळताना किती वेढे झाले यावर डोस ठरतो, आणि जायफळाचे दोन वेढे जास्त झाले की बाळ 'शांत' झोपतं. ती शांतता मला आवडत नाही. सहाण शोकेसमध्ये ठेवा, छान दिसते.

आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, जे कुणी पत्रात कबूल केलं नाही पण दर दोन घरांआड चालतं, ते बंद. चहाने अन्नातलं लोह अडतं, बिस्किटात मैदा आणि साखर. तुमच्यासोबत चहाला बसल्याचा आनंद त्याला केळ्याच्या फोडीनेही होतो.

प्रश्न : मुलगा साडेसहा महिन्यांचा. परवा मऊ बटाटा भरवताना त्याला एकदम उमासा आला, तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी. मी घाबरून बोट घालून काढायला गेलो. तेव्हापासून बायको भरवते आणि मी घराबाहेर जाऊन उभा राहतो. हे नॉर्मल आहे का?
— एक बाबा, पिंपरी

उत्तर : त्याचं नॉर्मल आहे. तुमचंही.

या वयात उमासा येण्याची जागा जिभेवर बरीच पुढे असते. घास जरा मागे सरकला की शरीर तो पुढे ढकलतं. आवाज येतो, खोकला येतो, तोंड लाल होतं. हे सगळं ऐकू येतंय, म्हणजे हवा आत-बाहेर जातेय. तेव्हा हात मागे घ्या, चेहरा हसरा ठेवा, त्याचं त्याला करू द्या. बोट घातलंत तर बाहेर येणारा घास आत ढकलला जाईल.

घास खरोखर अडकला तर उलट सगळं गप्प होतं. रडू नाही, खोकला नाही, ओठ निळसर. तेव्हा बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीहून खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब, आणि दुसऱ्या माणसाने तोवर १०८ ला फोन करायचा. बाळ निपचित पडलं तर लगेच जीवनरक्षक कृती सुरू करावी लागते. एखाद्या दवाखान्यात प्रात्यक्षिक असेल तर दोघंही जाऊन शिकून या. वाचून हात वळत नाही.

अख्खे शेंगदाणे, चणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, बियांसकट बोरं, कच्चं गाजर, खोबऱ्याचा तुकडा हे पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. भरवताना बाळ बसलेलं हवं, लोळलेलं नको, हसवत-पळवत तर नकोच. आणि उद्यापासून तुम्ही घराबाहेर नाही, बायकोच्या शेजारी बसायचं. पुढच्या आठवड्यात चमचा तुमच्या हातात.

प्रश्न : बाळ साडेपाच महिन्यांचं होईल तेव्हा माझी रजा संपतेय, कारण दोन आठवडे बाळंतपणाआधीच घ्यावे लागले होते. ऑफिस दोन तास लांब. पंधरा दिवसांसाठी काय करू? आधी खाणं सुरू करू का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : कायद्याने रजा २६ आठवडे, त्यातले आठपर्यंत आधी घेता येतात. आधी घेतले की मागचे गेले. म्हणजे बाळाने सहा महिने दूध प्यावं असं सरकार एका हाताने सांगतं आणि दुसऱ्या हाताने लोकलमध्ये बसवतं. असो.

रजा संपायच्या तीन आठवडे आधीपासून दूध काढायला शिका, हाताने किंवा पंपाने. सुरुवातीला तळ झाकेल एवढंच निघतं, तेव्हा रडू नका, हळूहळू वाढतं. आपल्या उकाड्यात बाहेर तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, आणि ते दारात न ठेवता आतल्या बाजूला, तारीख-वेळ लिहून. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायला घरच्यांना आत्ताच सवय लावा, बाटली नको. ती नीट धुतली जात नाही आणि बाळ अंगावर प्यायला कंटाळतं. ऑफिसात ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, विचारून तर बघा.

एवढं करून दूध थोडं कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून पंधरा दिवस पावडरचं दूध द्या. गाईचं वर्षापर्यंत मुख्य दूध म्हणून नको. आणि मान, बसणं, जीभ ही तिन्ही लक्षणं तयार असलेल्या बाळाला पाच महिने तीन आठवड्यांनी दोन चमचे खिमट गेलं, तर मी तुमच्यावर डोळे वटारणार नाही. मी साडेचारला दिलेलं आहे, विसरलात का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत. इथले डॉक्टर सहा महिन्यांनी शेंगदाण्याची पेस्ट द्या म्हणतात, आई पुण्याहून फोनवर 'पित्त होईल, दोन वर्षं देऊ नकोस' म्हणते. कोणाचं ऐकू?
— एक आई, एडिसन

उत्तर : डॉक्टरांचं. पण आई एकटी नाही, एकेकाळी तिथल्या डॉक्टरांचाही सल्ला उशिरा द्या असाच होता. मग २०१५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान सुरू करून शेंगदाणा नियमित दिला, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. उलटंच झालं!

भाजून, साल काढून, अगदी तेल सुटेपर्यंत बारीक केलेला कूट पाव चमचा दह्यात किंवा खिमटात कालवा. पहिल्यांदा सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, उलट्या दिसल्या तर थांबा, श्वास घुरघुरला तर लगेच इमर्जन्सीला फोन. अंगावर खूप इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी आधीच कळली असेल तर घरी प्रयोग न करता आधी दाखवून घ्या. आईला सांगा, दाण्याची आमटी खाऊन वाढलेल्या घराण्याला पित्ताची भीती शोभत नाही.

प्रश्न : दहा महिन्यांची मुलगी नवीन काही खातच नाही. मोबाइल लावला की मुकाट खाते.
— एक आई, लातूर

उत्तर : मुकाट खाते, कारण तिला आपण खातोय हेच कळत नाही. मोबाइल बंद केलात की तीन-चार दिवस तमाशा होईल, होऊ द्या. एक पदार्थ आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी, बोटभरच समोर ठेवा. दोडका माझ्या धाकटीने अकराव्या वेळी खाल्ला, मी भिंतीवर रेघा ओढल्या होत्या. तिच्या हातात भाकरीचा मऊ पापुद्रा द्या, तुम्ही समोर बसून तेच खा. तोंड फिरवलं की वाटी उचलायची, मागे लागायचं नाही. अर्ध्या तासात जेवण संपलं, झालेलं असो वा नसो. तिचं पोट भरलंय की नाही हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. फक्त दर महिन्याला वजन करा आणि मला आकडे लिहून पाठवा, 'काहीच खात नाही' असं लिहू नका.

प्रश्न : काल बीट दिलं, आज शी लालभडक. रात्रभर झोप नाही. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर : बीटच आहे. दोन दिवस बीट बंद ठेवून बघा. त्यानंतरही लाल दिसली, किंवा बाळ मलूल वाटलं, तर मात्र तो लंगोट घेऊनच दवाखान्यात जा. फोटो नको, लंगोटच. फोटोत सगळंच लाल दिसतं.